भिंतीच्या आतलं पाणी

फोनवर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर या. केर्न्स नावाचं शहर सापडलं की नकाशा हळूहळू डावीकडे ओढा, म्हणजे किनारा सोडून तुम्ही पूर्वेला समुद्रात जाल. आधी गढूळ हिरवट पाणी दिसेल, मग स्वच्छ निळं, आणि मग फिकट निळ्या ठिपक्यांची आणि पट्ट्यांची एक लांबच लांब रांग. हीच ती ग्रेट बॅरियर रीफ. लांबी सुमारे २३०० किलोमीटर. रांगेच्या पलीकडे रंग एकदम काळपट निळा होतो, कारण तिथे तळ एकाएकी खोल जातो.

रीफचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मला बोलायचंय ते ज्याचे फोटो कोणी काढत नाही त्याबद्दल, म्हणजे ती रांग आणि किनारा यांच्यामधल्या पाण्याबद्दल. इंग्रजीत त्याला लगून म्हणतात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याला खाजण हा शब्द होता, पण कोकणात खाजण म्हटलं की भरतीचं पाणी शिरणारी खारी, चिखलाची जमीन डोळ्यांपुढे येते. म्हणून इथे लगूनच म्हणते.

मी भूशास्त्र शिकले ते पुण्यात, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळावर. आमच्याकडे खडक म्हणजे लाव्हा, थरावर थर. प्राण्यांनी बांधलेला खडक मी आधी फक्त पुस्तकात पाहिला होता. त्यामुळे केर्न्सहून रीफकडे जाणाऱ्या बोटीत बसले तेव्हा उत्सुकता होतीच. पण वाटेत माझं लक्ष वेधलं ते खोली दाखवणाऱ्या स्क्रीनने. बोट दीड तास जात होती आणि आकडा तीस-चाळीस मीटरच्या आसपासच घुटमळत होता. बाकीचे प्रवासी रीफ येईपर्यंत फोन बघत होते, आणि मला प्रश्न पडला होता की एवढा मोठा समुद्र इतका उथळ आणि इतका सपाट कसा?

डार्विनचं उत्तर इथे लागू पडत नाही

लगून कसं बनतं याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ साली पुस्तकरूपात मांडलं. समुद्रात एक ज्वालामुखीचं बेट आहे. त्याच्या काठाला चिकटून प्रवाळ वाढतात. बेट हळूहळू खचतं, प्रवाळ मात्र उजेडासाठी वरवर वाढत राहतात. मग बेट आणि रीफ यांच्यामध्ये पाणी शिरतं, ते लगून. शेवटी बेट पूर्ण बुडतं आणि उरतं ते कंकण, म्हणजे अ‍ॅटॉल. ताहिती, बोराबोरा यांसारख्या बेटांच्या बाबतीत हे चित्र छान जुळतं. १९५२ साली पॅसिफिकमधल्या एनेवेटाक अ‍ॅटॉलवर भोक पाडलं, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त चुनखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा बेसाल्ट लागला. डार्विनला जाऊन तेव्हा सत्तर वर्षं झाली होती.

क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापाशी मात्र बुडणारं बेट नाही, अख्खं खंड आहे. इथे काय झालं हे शोधायला १९२२ साली ब्रिस्बेनमध्ये ग्रेट बॅरियर रीफ कमिटी स्थापन झाली. तिने १९२६ मध्ये केर्न्सजवळच्या मायकलमस के या वाळूच्या बेटावर सुमारे १८० मीटर खोल भोक पाडलं, आणि १९३७ मध्ये दक्षिणेच्या हेरॉन बेटावर २२३ मीटर. दोन्हीकडे प्रवाळाचा खडक संपला आणि खाली लागली वाळू. ज्वालामुखीचा पत्ता नव्हता. म्हणजे ही रीफ खचत्या डोंगराभोवती वाढलेली नव्हती, खंडाच्या बुडालेल्या सपाट काठावर येऊन बसलेली होती.

ती फार जुनीही नाही. १९९५ साली रिबन रीफ क्रमांक ५ वर २१० मीटरचं भोक पाडून काढलेल्या नमुन्यांवरून ही रीफ साधारण सहा लाख वर्षांच्या आसपासची असावी असं दिसलं. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, त्यापुढे ही कालची पोर. आणि आज आपण जी जिवंत रीफ पाहतो ती तर त्या जुन्या रीफवरची अगदी वरची साय आहे. जाडी बहुतेक ठिकाणी तीस मीटरहून कमी, वय दहा हजार वर्षांच्या आत.

मधल्या काळात काय होत होतं?

जेव्हा इथे समुद्रच नव्हता

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर अमेरिका आणि युरोपच्या मोठ्या भागावर बर्फाचे किलोमीटरभर जाड थर होते. ते पाणी समुद्रातूनच गेलेलं. जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आता लगूनची तीस-चाळीस मीटर खोली आठवा. लगून पूर्ण कोरडं होतं. किनारा सरकत सरकत भूखंडमंचाच्या बाहेरच्या कडेपर्यंत गेला होता. भूखंडमंच म्हणजे खंडाचा समुद्रात बुडालेला उथळ काठ. मॅके शहराच्या पुढे हा काठ दोनशे किलोमीटरहून रुंद आहे. तेवढी सगळी जमीन होती.

त्या जमिनीवर गवत होतं, झाडं होती, नद्या होत्या. आज टाउन्सव्हिलच्या दक्षिणेला समुद्राला मिळणारी बर्डेकिन नदी तेव्हा आणखी बरंच अंतर वाहत जाऊन मंचाच्या कडेला पोचायची. तिची गाळाने बुजलेली जुनी पात्रं आजही समुद्रतळाखाली ध्वनिलहरींनी टिपता येतात. पूर येई तसा नद्यांचा गाळ मैदानभर पसरत होता. लगूनचा तळ सपाट आहे तो यामुळे. माझ्या बोटीखाली मुळात नद्यांचं गाळमैदान होतं, वर नंतर पाणी भरलेलं.

आणि रीफ? आधीच्या उबदार काळात, म्हणजे सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी वाढलेली रीफ आता उघड्यावर पडून मेली होती. मैदानाच्या बाहेरच्या बाजूला सपाट माथ्याच्या पांढऱ्या टेकड्यांची रांग उभी असणार. पावसाचं पाणी चुनखडक विरघळवतं, त्यामुळे त्यात खळगे आणि घळी पडल्या. आजची रीफ नेमकी किनाऱ्यापासून इतक्या लांब आणि अशा तुकड्यातुकड्यांत का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. नवे प्रवाळ जिथे जुना टणक उंचवटा मिळाला तिथे बसले.

आजही लगूनमध्ये गाळाचा नमुना घ्यायला पोलादी नळी खुपसली की आधी मऊ करडा चिखल लागतो आणि मग नळी अडते. खाली घट्ट, ठिपकेदार, गंजल्यासारखी माती असते. हवेत उघडी पडून वाळलेली, कधीकाळी गवताची मुळं धरलेली माती. वरचा चिखल समुद्राचा आणि खालची माती जमिनीची. ध्वनिलहरींच्या नकाशांत ही सीमा एका ठळक रेषेसारखी दिसते. अख्ख्या लगूनखाली ती पसरलेली आहे.

पाणी आलं तेव्हा माणसं होती

बर्फ वितळू लागला आणि समुद्र चढू लागला. वीस हजार वर्षांपूर्वीपासून सात हजार वर्षांपूर्वीपर्यंत १२० मीटर, म्हणजे सरासरी वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जमीन सपाट असेल तर काय होतं याचा हिशोब करू. समजा साठ किलोमीटर रुंदीच्या मैदानाचा एकूण चढ चाळीस मीटर आहे. म्हणजे दीड हजाराला एक असा उतार. तिथे पाणी एक सेंटीमीटर चढलं की किनारा पंधरा मीटर आत येतो. पन्नास वर्षांच्या आयुष्यात पाऊण किलोमीटर. आजोबांनी जिथे चूल मांडली होती ती जागा नातवाला ओहोटीलाही दिसणार नाही. शिवाय चढ एकसारखा नव्हता. सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी काही शतकांतच पातळी पंधरा मीटरहून जास्त वर गेली.

हे पाहायला तिथे माणसं होती. ऑस्ट्रेलियात आदिवासींची वस्ती त्याच्या कितीतरी आधीपासूनची. व्हिटसंडे बेटांमधल्या हूक बेटावर नारा इनलेट नावाच्या ठिकाणी एक गुहा आहे. तिथल्या उत्खननात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासूनच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. तेव्हा हूक बेट नव्हतं, मुख्य भूमीवरची टेकडी होती. पुढे पाणी भोवताली आलं, दऱ्यांच्या सामुद्रधुन्या झाल्या, टेकड्यांची बेटं झाली. न्गारो लोक मात्र तिथेच राहिले. होड्या घेऊन समुद्राचे लोक झाले.

केर्न्सच्या परिसरातल्या यिडिंजी लोकांमध्ये गुन्या नावाच्या माणसाची गोष्ट सांगतात. त्याने निषिद्ध मासा मारला आणि समुद्र खवळून जमिनीवर चढू लागला. लोक डोंगरावर पळाले, मोठमोठे दगड विस्तवात तापवून खाली लोटले आणि पाणी थोपवलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी किनारा आज रीफ आहे तिथे होता. फिट्झरॉय बेटाचं त्यांच्या भाषेतलं नाव ‘गबर’, म्हणजे हाताचा कोपराखालचा भाग. मुख्य भूमीपासून पुढे आलेला हात, ज्याचा मधला भाग आता पाण्याखाली आहे. भूगोलज्ञ पॅट्रिक नन आणि भाषाशास्त्रज्ञ निकोलस रीड यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरच्या अशा एकवीस ठिकाणच्या गोष्टी एकत्र केल्या आणि २०१६ मध्ये असं मांडलं की या सात हजार वर्षांहून जुन्या आठवणी आहेत. तोंडी परंपरा इतकी टिकते का, याबद्दल शंका घेणारे आहेतच. मला इतकंच दिसतं की गोष्टीतला किनारा आणि भूशास्त्रातला किनारा एकाच जागी येतात.

हेच पाणी आपल्याकडेही चढलं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचा बुडालेला पठारी उंचवटा आहे. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, त्यावर प्रवाळ. हिमयुगात तो पाण्याबाहेर होता. बेट म्हणून त्याची गोष्ट आपल्यात कोणी सांगत नाही.

पाच वेळा मेलेली रीफ

समुद्र मागे गेला तेव्हा प्रवाळ कुठे गेले? २०१० साली आंतरराष्ट्रीय मोहीम ३२५ ने आजच्या रीफच्या बाहेर, मंचाच्या कडेच्या उतारावर भोकं पाडली. तिथे बुडालेल्या जुन्या रीफ पायऱ्यांसारख्या सापडल्या. जोडी वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्यावरून गेल्या तीस हजार वर्षांचा इतिहास मांडला. या काळात रीफ पाच वेळा मेली. सुरुवातीला दोनदा समुद्र खाली गेल्यामुळे उघडी पडून. नंतर दोनदा समुद्र फार वेगाने चढल्यामुळे बुडून. प्रत्येक वेळी नवी रीफ उताराच्या वर किंवा खाली सरकून पुन्हा उभी राहिली, वर्षाला जेमतेम वीत ते दीड मीटर अशा चालीने.

पाचवा मृत्यू सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा, आणि तो आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. तेव्हा समुद्र मंचावर चढून मैदान बुडवू लागला होता. हजारो वर्षांची माती ढवळली गेली आणि गाळ बाहेर कडेवरच्या रीफवर जाऊन पडला. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि प्रवाळ त्यावर जगतात. गढूळ पाण्यात दोघांचीही उपासमार होते. म्हणजे लगून जन्माला आलं तेच एका रीफचा जीव घेऊन.

मग आत, जुन्या चुनखडकाच्या टेकड्या पाण्याखाली गेल्या आणि त्यांच्यावर सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासून नवे प्रवाळ बसू लागले. रीफ वर्षाला साधारण पाच-सात मिलिमीटर वाढते, समुद्र त्याहून जोरात चढत होता. काही रीफ पाण्याच्या बरोबरीने चढल्या, बहुतेक मागे पडल्या आणि समुद्र थांबल्यावर सावकाश पृष्ठभागाला पोचल्या, आणि काहींनी खोल पाण्यात दम सोडला.

या मागे पडण्याचा एक परिणाम मला फार रंजक वाटतो. समुद्र आजच्या पातळीला आला सुमारे सात हजार वर्षांपूर्वी, पण रीफचे माथे तेव्हा अजून खोल होते. म्हणजे भिंत होती, पण बुटकी. पॅसिफिकच्या लाटा तिच्यावरून सरळ किनाऱ्यावर येऊन आदळत होत्या. पुढच्या दोन-तीन हजार वर्षांत भिंत उंच झाली आणि आतलं पाणी निवलं. ज्या शांत लगूनवरून पर्यटकांच्या बोटी जातात ती शांतता इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा थोडीच जुनी आहे.

आणखी एक गंमत. सहा हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर समुद्र आजच्यापेक्षा मीटर-दीड मीटर उंच होता. बर्फ कमी-जास्त झाला म्हणून नव्हे. मंचावर आलेल्या पाण्याच्या वजनाने मंचाची बाहेरची बाजू दबली आणि तिच्या मानाने किनारा किंचित उचलला गेला. त्या वेळचे गोल, सपाट माथ्याचे मेलेले प्रवाळ आज किनाऱ्यालगत भरतीच्या रेषेजवळ कोरडे पडलेले सापडतात.

चिखल बाहेर का जात नाही

नद्या तर अजून गाळ आणताहेत. मग एवढ्या हजार वर्षांत लगून बुजलं का नाही? कारण वारा. वर्षातला मोठा काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे किनाऱ्याला समांतर वाहतात. त्यांच्या लाटा उथळ पाण्यातला गाळ उचलतात आणि उत्तरेकडे ढकलत नेतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या उपसागरांत तो बसतो आणि तिथे खारफुटी वाढते. त्यामुळे चिखलाचा जाड पट्टा किनाऱ्याला धरूनच आहे. लगूनच्या मधल्या भागात गाळाचा थर इतका पातळ की काही ठिकाणी ती जुनी मैदानाची माती जवळजवळ उघडी आहे.

१९२८-२९ साली मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी लगूनमधल्या लो आइल्स या छोट्या बेटांवर वर्षभर तळ ठोकला. त्यांच्यातल्या शीना मार्शल आणि ए. पी. ऑर यांनी बरण्या ठेवून किती गाळ पडतो ते मोजलं आणि प्रवाळांवर गाळ टाकून पाहिलं. बरेचसे प्रवाळ तो अंगावरून झटकू शकतात असं दिसलं. पण सतत पडत राहिला तर त्यांचाही इलाज चालत नाही.

उत्तरेला, बाहेरच्या रीफच्या आतल्या अंगाला, वेगळाच प्रकार आहे. रीफमधल्या फटींतून भरतीबरोबर खोल समुद्राचं थंड, पोषक पाणी आत घुसतं. त्यावर हॅलिमेडा नावाचं हिरवं शैवाल माजतं, ज्याच्या अंगात चुना असतो. ते मरतं आणि त्याच्या चकत्यांचे ढीग साचत जातात. ऑस्ट्रेलियन नौदलाने विमानातून लेझरने तळ मोजला, त्यावरून २०१६ मध्ये दिसलं की हे ढीग मेदूवड्यासारखे गोल आहेत, प्रत्येक दोन-तीनशे मीटर रुंद, आणि सगळे मिळून सहा हजार चौरस किलोमीटरवर पसरलेत. लगून म्हणजे रीफची मागची मोकळी जागा ही समजूत इथे मोडते. तिथेही खडक तयार होतोय.

नदीची वही

लगूनच्या आत वाढणारे काही मोठे प्रवाळ शेकडो वर्षं जगतात. झाडासारखं दरवर्षी एक कडं चढवतात. १९८० च्या दशकात पीटर इस्डेल यांच्या लक्षात आलं की किनाऱ्याजवळच्या प्रवाळांचे काप अतिनील दिव्याखाली धरले की काही कडी चमकतात. ती पुराची वर्षं. प्रवाळांनी नदीचा हिशोब लिहून ठेवला होता.

२००३ मध्ये माल्कम मॅकलॉक आणि सहकाऱ्यांनी बर्डेकिनच्या पुराच्या वाटेवरच्या हॅवना रीफवरचा प्रवाळ तपासला. नोंद सुमारे १७५० पासून १९९८ पर्यंतची. त्यांनी मोजलं बेरियम, जे गाळाबरोबर येतं आणि खाऱ्या पाण्यात सुटून प्रवाळाच्या अंगात बसतं. पहिली सव्वाशे वर्षं पूर आले तरी बेरियम फारसं वाढत नाही. १८७० नंतर चित्र पालटतं. युरोपीय वसाहतवाल्यांनी नदीच्या खोऱ्यात गुरं-मेंढ्या आणल्या, गवत गेलं, माती सुटली. आतल्या रीफवर पोचणारा गाळ पाच ते दहा पट झाला.

पाचवा मृत्यू गाळाने झाला होता, हे आपण आत्ताच पाहिलं.

‘आधीही झालंय की’

हा इतिहास मी कोणाला सांगितला की हमखास एक प्रतिक्रिया येते. पाच वेळा मेली आणि पाच वेळा परत आली ना? मग आता एवढा गळा का काढायचा? सोशल मीडियावर हाच मुद्दा ‘हवामान तर कायमच बदलतं’ या रूपात भेटतो.

याला उत्तर त्याच इतिहासात आहे. रीफ परत आली ती सरकून. खाली किंवा वर, जवळ कुठेतरी जिवंत प्रवाळ होते, त्यांची पिल्लं नव्या जागी बसली, आणि हे सगळं व्हायला शेकडो ते हजारो वर्षं मिळाली. हिमयुग संपताना पाणी काही अंशांनी तापलं, पण त्याला दहा हजार वर्षं लागली. आता तोच बदल माणसाच्या आयुष्याच्या मापात होतोय. २०१६ ते २०२४ या नऊ वर्षांत या रीफवर पाच वेळा मोठं ब्लीचिंग झालं, म्हणजे उष्ण पाण्यात प्रवाळांनी आपलं शैवाल बाहेर टाकलं आणि ते पांढरे पडले. समुद्र चढला तर प्रवाळ वर चढू शकतात. पाणी सगळीकडेच तापलं तर सरकायचं कुठे? आणि आतल्या बाजूला सरकावं तर तिथे बर्डेकिनचा गाळ.

‘रीफ परत येईल’ हे वाक्य भूशास्त्राच्या घड्याळात कदाचित खरंही ठरेल. माझा आक्षेप त्यातल्या ‘परत’वर आहे. मागच्या वेळी भिंत पाण्याच्या पृष्ठभागाला पोचून लगून शांत व्हायला तीन-चार हजार वर्षं लागली. तेवढ्या काळात यिडिंजींच्या सव्वाशेहून जास्त पिढ्या झाल्या. त्यांनी निदान गोष्ट सांभाळली, आणि त्या गोष्टीत समुद्र का चढला याचं कारण माणसाचं वागणं होतं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, निषिद्ध माशावर माझा विश्वास नाही. पण १८७० नंतरची कडी पाहिली की ती गोष्ट मला निव्वळ दंतकथा म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

गाळ मात्र अजून आपल्या हातात आहे. समुद्राचं तापमान एकट्या क्वीन्सलंडला कमी करता येणार नाही. पण नदीकाठी गवत राखणं, गुरांना पात्रापासून दूर ठेवणं, उघड्या पडलेल्या घळी बांधणं हे खोऱ्यात राहणाऱ्या माणसांना जमण्यासारखं आहे, आणि ती कामं सुरू झालेली आहेत. त्यांचा उपयोग होतोय की नाही हे कळायला प्रवाळांच्या पुढच्या काही कड्यांची वाट पाहावी लागेल. वही त्यांच्याकडेच आहे.